आठवी-नववीच्या वर्गात प्रजनन आरोग्याचा तास : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : विज्ञानशिक्षक_मराठवाडा

सर्वांना नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत अकरा वर्षे विज्ञान शिकवत आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, प्रशिक्षण घेऊन मुलांचे आरोग्याचे तास घ्यायचे असतात. यंदा आमच्या शाळेतून माझे आणि मराठी शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंचे नाव गेले. कार्यक्रमात एकूण ११ विषय आहेत. पोषण, व्यसनमुक्ती, भावनिक आरोग्य, इंटरनेटचा सुरक्षित वापर यांना कोणाचीच हरकत नाही. प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हा विषय निघाला की मात्र शिक्षकांच्या खोलीतले कोणीतरी पाणी प्यायला उठते. मुख्याध्यापकांनी विरोध केला नाही, पण "तेवढा भाग जरा वरवर घ्या" असे सुचवले.

वरवर कसे घ्यायचे ते मला चांगले ठाऊक आहे, कारण मी तेच करत आलो आहे. मी स्वतः दहावीत असताना आमच्या सरांनी "हा भाग घरी वाचा, परीक्षेला आकृती तेवढी येते" असे म्हणून पुढचा धडा उघडला होता. मी त्यांच्यापेक्षा एकच पाऊल पुढे गेलो : आकृती फळ्यावर काढून दिली, नामनिर्देशन करून घेतले आणि ती किती गुणांना येते ते सांगितले. अंडवाहिनी, वृषण, गर्भाशय हे शब्द माझ्या विद्यार्थ्यांना बिनचूक लिहिता येतात. ते अवयव आपल्याच शरीरात आहेत, हे त्यांना माझ्या तासामुळे कळले असेल असे मात्र मला वाटत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतील एक मुलगी परत आली नाही. तिचे लग्न झाल्याचे आम्हाला जानेवारीत समजले. वर्गातल्या मुलींना ते आधीपासून माहीत होते, पण आमच्यापैकी कोणाला सांगावे असे त्यांना वाटले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, हे प्रशिक्षणात ऐकले होते आणि वहीत लिहूनही घेतले होते. हजेरीपटावरचे नाव कमी करताना तो आकडा आठवला.

यंदा मला वरवर घ्यायचे नाही. मात्र मुले आणि मुली एकत्र बसवावीत की वेगळी, कोणते शब्द वापरावेत, पालकांना आधी विश्वासात कसे घ्यावे आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरातली, शेजारची एखादी गोष्ट सांगितली तर आपण नेमके काय करावे, हे मला कळत नाही. ज्यांनी असे तास प्रत्यक्ष घेतले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. "संवेदनशीलतेने हाताळा" एवढे प्रशिक्षणात ऐकून झाले आहे.

उत्तर : निवृत्त_मुख्याध्यापिका

सर, मी कोल्हापूर जिल्ह्यात ३१ वर्षे शिकवले आणि त्यातली शेवटची सात वर्षे मुख्याध्यापिका होते. आपल्या चार प्रश्नांपैकी शब्दांचा प्रश्न आधी घेते, कारण माझ्या अनुभवात तास तेथेच अडतो.

मुलांकडे या विषयासाठी दोन भाषा असतात. एक मैदानावरच्या शिव्यांची आणि दुसरी पाठ्यपुस्तकातील संस्कृत शब्दांची. पहिली वर्गात चालत नाही आणि दुसरी त्यांच्या तोंडी बसत नाही. लहान मूल निदान "शूच्या जागी दुखतंय" असे आईला सांगते. आठवीतल्या मुलाला तेही सांगता येत नाही, कारण तो शब्द बाळाचा वाटतो आणि मोठ्यांचा शब्द त्याला कोणी दिलेला नसतो. म्हणून पहिल्या तासाला मी धडा शिकवत नसे. पाळीला आपापल्या घरी काय म्हणतात ते मुलींना विचारून फळ्यावर लिहीत असे : कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, अडचण आहे, डेट आली, प्रॉब्लेम आला. एकदा यादी चौदा शब्दांपर्यंत गेली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, यात कावळासुद्धा आहे, पण रक्त कुठेच नाही." त्या दिवशी मला पुढे काही समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतर मासिक पाळी, योनी, शिश्न, वृषण, स्तन हे शब्द मी नाक, कान, गुडघा म्हणावे त्याच आवाजात म्हणत असे. पहिल्या वेळी हसू येते. त्यांना हसू द्यावे, चौथ्या वेळी कोणी हसत नाही. "गुप्तांग" हा शब्द मात्र मी सोडून दिला, कारण जे नावातच गुप्त आहे त्याविषयी मूल तक्रार तरी कशी करणार?

दुसरी गोष्ट प्रश्नपेटीची. ती सगळेच सुचवतात, पण ती कशी चालवावी हे कोणी सांगत नाही. फक्त ज्याला प्रश्न आहे त्याने चिठ्ठी टाकावी असे म्हटले, तर पेटी रिकामी राहते, कारण पेटीकडे जाणाऱ्याकडे सगळा वर्ग पाहत असतो. त्यामुळे सर्वांना एकाच मापाचे कागद द्यावेत आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच असा नियम ठेवावा. प्रश्न नसेल त्याने "प्रश्न नाही" असे लिहावे. चिठ्ठ्या वर्गात उघडू नयेत. घरी नेऊन वाचाव्यात आणि पुढच्या आठवड्यात उत्तरे द्यावीत, म्हणजे आपल्या चेहऱ्यावर काय उमटले ते मुलांना दिसत नाही. काही चिठ्ठ्यांत शिव्या असतील. त्या फेकून न देता तोच प्रश्न नीट शब्दांत मांडून वर्गाला वाचून दाखवावा आणि उत्तर द्यावे. शिवी घालून विचारलेला प्रश्न बहुधा खरा असतो.

एकत्र की वेगळे, यावर माझे मत असे की मुलामुलींच्या शरीरात होणारे बदल एकत्र बसवून सांगावेत, प्रश्नांची उत्तरे वेगळी बसवून द्यावीत आणि शेवटचा तास पुन्हा एकत्र घ्यावा. पाळीच्या तासाला मुलांना मैदानावर पिटाळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तेच मुलगे पुढे स्कर्टवरचा डाग पाहून हसतात आणि आपण त्यांना शिक्षा करतो.

एका मुलीची चिठ्ठी होती : पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरेच नासते का? मी उत्तर दिले नाही, दोन बरण्या आणवल्या. एका बरणीला पाळी असलेल्या मुलींनीच हात लावायचा आणि दुसरीला कोणी शिवायचे नाही, असे ठरले. तीन महिन्यांनी बुरशी आली ती न शिवलेल्या बरणीला, कारण आमच्या शिपाईमामांनी जेवताना तिच्यात ओला चमचा घातला होता. विज्ञानाचा प्रयोग म्हणून तो फसला, पण त्या मुलींच्या घरी त्याची गोष्ट अजून सांगितली जाते असे ऐकते.

विरोधाबद्दल थोडेसे. असा कार्यक्रम महाराष्ट्रात पूर्वी एकदा येऊन गेला आहे. २००५ च्या सुमारास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि केंद्रीय शिक्षण खात्याने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. प्रशिक्षणाच्या चित्रांवरून २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने तो थांबवला. आमच्या शाळेत आलेले तक्ते कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली हरवली असे सांगायचे ठरले. त्याच्याही कितीतरी आधी, संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्यावरच्या १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते, आणि तो खटला वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता. आपली प्रश्नपेटी तशी फार जुनी आहे.

उत्तर : एक_पालक

मी विरोधी सूर लावतो आहे, पण तो वाचून घ्यावा अशी विनंती. माझी मुलगी सातवीत आणि मुलगा नववीत आहे.

माझ्या मुलीच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी "किशोरी आरोग्य व्याख्यान" झाले. पाऊण तासापैकी अर्धा तास एका कंपनीच्या पॅडचे गुणगान झाले आणि शेवटी प्रत्येकीच्या हातात नमुन्याचे पाकीट ठेवले गेले. कापड कसे धुवावे, उन्हात का वाळवावे, पॅड कुठे टाकावे, पाळी का येते, यातले काहीच सांगितले नाही. मुलगी घरी येऊन म्हणाली की आपण वापरतो ते घाणेरडे असते. तिची आई शेतावर काम करणारी बाई आहे आणि स्वच्छ धुतलेले सुती कापड वापरते. त्या संध्याकाळी घरात जे घडले ते मी येथे लिहीत नाही.

त्यामुळे "शाळेत शिकवले" एवढ्यावर माझा विश्वास नाही. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, जिचे अध्यक्ष वेंकय्या नायडू होते, शाळांत लैंगिक शिक्षण नको असेच मत दिले होते. मी तितका टोकाला जात नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर ती काय पाहतात हे मला कळते. मी काही डोळे मिटून बसलेलो नाही. पण कोण शिकवणार, काय दाखवणार आणि कोणत्या वयाला काय सांगणार, हे मला आधी कळले पाहिजे. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर शिक्षक जर स्वतःची मते मुलांना सांगू लागले, किंवा उलट "अशा मुली वाया जातात" असे भाषण देऊ लागले, तर नुकसान माझ्या मुलांचे आहे.

आणखी एक. शाळेच्या पालकसभेला नेहमी आयांनाच बोलावले जाते. माझा नववीतला मुलगा हल्ली आरशासमोर फार वेळ असतो, दाराला कडी लावतो. त्याच्याशी बोलायचे तर सुरुवात कोठून करावी हे मला माझ्या वडिलांनी शिकवलेले नाही. सर, आपण वडिलांसाठी एक सभा घेतलीत तर मी माझ्या गावाहून तेथे यायला तयार आहे.

उत्तर : वैद्यकीय_अधिकारी_ग्रामीण_रुग्णालय

वरील पालकांचा मुद्दा मला पूर्ण पटतो. कापड वाईट आणि पॅड चांगले असे सरसकट सांगणे चूक आहे. कापड सुती असावे, साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे, चार-सहा तासांनी बदलावे. अडचण येते ती लाजेपोटी ते कपाटामागे, अंधारात, दमट जागी वाळत घातले जाते तेव्हा.

मी स्त्रीरोग विभागात काम करते आणि आमच्याकडे मुलींच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा आजाराच्या नसतात. त्या न सांगितलेल्या माहितीच्या असतात. पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असते. या वयात दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचे अंतर असू शकते. हे एवढे वाक्य आठवीच्या वर्गात कोणी सांगितले तर कितीतरी आया आणि मुलींच्या आमच्याकडच्या फेऱ्या वाचतील. वयाची १५ वर्षे पूर्ण होईपर्यंत पाळीच आली नसेल, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजावे इतका रक्तस्राव होत असेल, तर मात्र दाखवायला यावे.

गणपतीचा महिना आला की मला हमखास राग येतो, तो पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांमुळे. गौरी बसणार, नवरात्र येणार, घरात लग्न आहे, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जातात, कधी आईकडून, कधी आत्याकडून, आणि किती दिवस द्यायच्या हे शेजारीण सांगते. पुढे चक्र विस्कळीत झाले, रक्तस्राव जास्त झाला की मग रुग्णालय आठवते. ज्या व्यक्तीला रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती किंवा यकृताचा आजार आहे तिला या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. सर, श्रावणात एक तास केवळ यासाठी राखून ठेवा. देवाला पाळी चालते की नाही हा वाद घालू नका, त्यात तास संपून जाईल. गोळी शरीरात काय करते तेवढेच सांगा.

आता मुलग्यांविषयी, कारण त्यांच्याविषयी येथे फारसे कोणी लिहिलेले नाही. एसटी स्थानकाच्या भिंतीवर "गुप्तरोग, धातू जाणे, कमजोरी" असे रंगवलेले असते आणि त्याखाली एक फोन क्रमांक असतो. आमच्या बहुतेक मुलग्यांचे शिक्षण त्या भिंतीपासून सुरू होते. झोपेत वीर्य बाहेर पडणे हे वयात येताना सर्वसाधारणपणे घडते. त्याला आपण "स्वप्नदोष" म्हणतो आणि त्या नावातच मुलाला दोषी ठरवून मोकळे होतो. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या अमुक थेंबांपासून बनतो ही समजूत खोटी आहे, त्याने अशक्तपणा येत नाही, हस्तमैथुनाने डोळे जात नाहीत की पुढे मूल न होण्याची भीती नसते, हे एका पुरुष शिक्षकाने शांतपणे सांगितले तर मुले भोंदूंच्या औषधांपासून वाचतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी जवळजवळ निम्म्या मुलग्यांच्या छातीत थोडी गाठीसारखी वाढ होते आणि ती बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. माझ्याकडे आलेला एक मुलगा या भीतीपोटी दोन उन्हाळे विहिरीवर पोहायला गेला नव्हता. मित्रांसमोर शर्ट काढावा लागला असता म्हणून.

दर आठवड्याला शाळेत देतात ती निळी गोळी आपणास माहीत असेल. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आपण उल्लेख केलेल्या पाहणीतच दिसते. गोळी कशासाठी आहे आणि रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते म्हणून जेवणानंतर घ्यावी, हे न सांगता ती वाटली जाते, आणि मग पाण्याच्या टाकीमागे निळ्या गोळ्यांचा सडा दिसतो. पाळीचा तास आणि गोळीचा तास एकच ठेवावा, असे मी सुचवेन.

आपण मराठवाड्यातले आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे पुढे आणले. त्यात दवाखान्यांचा लोभ आहे, मुकादमाची उचल आहे, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पडणारा दंड आहे. हे सगळे शाळेतल्या एका तासाने सुटणारे नाही. परंतु "मुले झाली, आता पिशवीचे काम काय" असे सांगितल्यावर त्याला उलट प्रश्न विचारण्याइतकी तरी माहिती त्या बायकांपैकी किती जणींना शाळेत मिळाली होती? पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारता येते, हे नववीतल्या मुलीला सांगून ठेवण्यासारखे आहे.

असे शिक्षण दिले तर मुले बिघडतील, ही शंका पालकसभेत येईलच. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढताना अनेक देशांतील अभ्यास तपासले. या शिक्षणामुळे लैंगिक संबंध लवकर सुरू होतात किंवा वाढतात असे त्यात दिसले नाही. काही कार्यक्रमांत ते उशिरा सुरू झाले.

शेवटी, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून १० ते १९ वयोगटासाठी चालू आहे आणि त्यातील किशोरवयीनांच्या दवाखान्याला आपल्या राज्यात "मैत्री" म्हणतात. आपल्या तालुक्याला तो कोठे आहे ते शोधून वर्गाला एकदा क्षेत्रभेटीला नेऊन आणावे. एकदा सगळ्यांबरोबर दार पाहिले असले की पुढे एकट्याने यायचे पाय अडखळत नाहीत.

उत्तर : बालहक्क_वकील

आपल्या चौथ्या प्रश्नापुरते लिहितो.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालील कोणीही, मुलगा किंवा मुलगी. कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला समजली, त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवला तर शिक्षा अधिक आहे. म्हणून मुलाला "हे मी कोणालाच सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये. "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन आणि सांगण्याआधी तुला कळवेन" असे म्हणावे, आणि तसेच वागावे. मुलाला खोदून खोदून विचारू नये, तीच हकिकत चार शिक्षकांसमोर वदवून घेऊ नये, आरोप असलेल्या व्यक्तीला बोलावून समोरासमोर "शहानिशा" तर मुळीच करू नये. मुलाने वापरलेले शब्द त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून, जसेच्या तसे लिहून ठेवावेत. मुलाचा जबाब पोलीस त्याच्या घरी किंवा तो सांगेल त्या ठिकाणी, गणवेशाशिवाय घेतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा. शालेय शिक्षण विभागाने २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करायला सांगितले आहे. आपल्या शाळेची समिती कागदावर आहे की तिच्या बैठका होतात ते तपासून पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण घडल्यावर पुष्कळ शाळांनी हे फलक घाईघाईने लावले.

वर २००७ च्या बंदीचा उल्लेख आला आहे. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा १३ राज्यांतील पाहणीचा अहवाल आला. त्यातील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले होते, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्त होते. मुलग्यांनाही "तुझ्याशी असे कोणी वागले तर सांग" हे वाक्य ऐकायला मिळाले पाहिजे.

प्रेमप्रकरणांबाबत मुलांना स्पष्ट सांगावे की १८ वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला कायदा संमती मानत नाही. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी पळून गेले तर त्या मुलाला बाल न्याय मंडळासमोर उभे राहावे लागते. हे योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत, माझेही आहेत. पण मुलांना ते अटकेच्या दिवशी कळू नये. अल्पवयीन मुलीला गर्भ राहिला तर घरगुती उपाय किंवा बेकायदा दवाखान्याकडे धाव घेऊ नये, कारण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये असे ठरवले की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

पालकांनी २००९ च्या समितीचा दाखला दिला आहे, म्हणून हेही नोंदवतो की सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, लैंगिक शिक्षणाने मुले बिघडतात ही समजूत चुकीची असल्याचे म्हटले आणि सरकारने सर्वंकष शिक्षणाचा विचार करावा असे सुचवले.

उत्तर : गडचिरोलीकर

मी शिक्षक नाही. महाविद्यालयात असताना गडचिरोलीत आरोग्याचे काम करणाऱ्या डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या तारुण्यभान या लैंगिक शिक्षणाच्या शिबिरात तीन दिवस बसलो होतो. माझ्या लक्षात राहिली ती एकच गोष्ट, की पांढऱ्या केसांची एक डॉक्टर बाई मंचावरून हे सगळे शब्द उच्चारत होती आणि तिचा आवाज एकदाही खाली गेला नाही. १९८९ मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता : दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या, तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले आणि त्याआधी जेमतेम ८ टक्के जणींची तपासणी झालेली होती. शिबिरात हे ऐकून घरी गेल्यावर मी पहिल्यांदा आईला विचारले, तुला काही त्रास होतो का. तिने "चहा घेतोस का" असे विचारून विषय बदलला. आठ दिवसांनी मात्र तिने आपणहून सांगितले.

विज्ञानशिक्षक_मराठवाडा (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

पालकसभा आधी घेतली आणि सगळे साहित्य टेबलावर मांडून ठेवले. वडिलांसाठी सभा रविवारी सकाळी, आठवडी बाजाराच्या आधी ठेवली. नऊ जण आले. एकाने विचारले, "मुलींना हे सांगितल्यावर त्या लग्नाला नाही म्हणतील का?" मी म्हटले, अठरापर्यंत म्हटलेच पाहिजे, कायदाच तसा आहे. ते काही बोलले नाहीत, पण सभा संपेपर्यंत बसून राहिले. एक_पालक यांच्या सूचनेप्रमाणे कोणत्याही कंपनीचे साहित्य घेतलेले नाही आणि कापड व पॅड दोन्हींविषयी सहकारी बाई बोलल्या.

मुलग्यांच्या तासाला मी "स्वप्नदोष" हा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्यातला "दोष" पुसला. वर्ग इतका शांत मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. तासानंतर एक मुलगा मागे थांबला, त्याने भिंतीवरच्या जाहिरातीतला क्रमांक लिहून घेतलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गेला.

आठवीच्या ५८ चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या ३१ चिठ्ठ्यांवर "प्रश्न नाही" होते. उरलेल्या बहुतेकांची उत्तरे मला देता आली. एकीचे देता आले नाही, म्हणून ती जशीच्या तशी येथे उतरवतो.

"दर महिन्याला पोटात इतकं दुखतं की आई दोन दिवस शाळेत पाठवत नाही. आजी म्हणते लग्न झाल्यावर थांबेल. तोपर्यंत काय करायचं?"

उत्तर : वैद्यकीय_अधिकारी_ग्रामीण_रुग्णालय

आजींचे निरीक्षण अर्धे बरोबर आहे. वय वाढेल तसे आणि पुष्कळ जणींचे बाळंतपणानंतर हे दुखणे कमी होते. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही आणि तोपर्यंत सोसत बसण्याची गरज तर मुळीच नाही. पाळीच्या वेळी शरीरात तयार होणाऱ्या काही रसायनांमुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे कळा येतात. त्यावर साधी वेदनाशामक औषधे चालतात, पण ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, जेवणानंतर आणि दुखायला लागताच घ्यायची असतात. दिवसभर सहन करून रात्री घेतली तर फारसा उपयोग होत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने आराम पडतो. चालण्या-खेळण्याला काही हरकत नाही. दर महिन्याला शाळा बुडण्याइतके दुखत असेल तर मात्र एकदा तपासून घेतलेच पाहिजे.

चिठ्ठीवर नाव नसल्यामुळे तिला वेगळे बोलावता येणार नाही आणि बोलावूही नये. हे उत्तर पूर्ण वर्गाला, मुलग्यांसह, वाचून दाखवावे. तिच्या आईपर्यंत ते पोचावे म्हणून पुढच्या आयांच्या सभेतही सांगावे. आपल्या तालुक्यातील मैत्रीच्या समुपदेशक कोणत्या वारी बसतात ते विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. आमच्याकडे मुलींना आम्ही सांगून ठेवले आहे की तिघी-चौघी मिळून आल्या तरी चालेल, केसपेपरच्या रांगेत उभे राहू नका, थेट सात नंबरच्या खोलीत या.